भांडण पुरुषांचं, शिवी मात्र बाईला

डहाणू रोड स्टेशनाबाहेर सीट भरण्यावरून दोन रिक्षावाल्यांची जुंपली की काय कानावर पडतं, हे वाचकहो, तुम्हाला सांगायला नको. एक दुसऱ्याची आई काढतो, दुसरा पहिल्याची बहीण. ज्या दोघींचा उद्धार झाला, त्यातली एक घरी चुलीपुढे असते, दुसरी चिकूच्या वाडीत मजुरीला गेलेली. भाडं कोणाचं पळालं याच्याशी दोघींचा काडीचा संबंध नसतो. थोड्या वेळाने ते दोघे एकाच टपरीवर चहा पितात. त्यांचं मिटलं. त्या दोघींना मात्र कोणी काही विचारलं नाही.

‘चालायचंच, तोंडात बसलंय’ असं आपण म्हणून सोडून देतो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवासा तालुक्यातील सौंदाळा गावाने सोडून दिलं नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या ग्रामसभेने ठराव केला, की आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्यास ५०० रुपये दंड. सरपंच शरद आरगडे यांच्या पुढाकाराने झालेल्या या ठरावामागे कारण एकच होतं, बाईचा मान.

ठराव चांगला, यात वाद नाही. पण कोसबाडच्या टेकडीवरून आजूबाजूच्या पाड्यांकडे पाहिलं, तर तो अर्ध्या वाटेवर थांबल्यासारखा वाटतो. आई-बहिणीवरची शिवी ही दिसणारी शिवी. तिला निदान शिवी म्हणून सगळे ओळखतात. त्याखाली शब्दांचा दुसरा थर आहे. ते शब्द फक्त बाईसाठी राखून ठेवलेले आहेत, आणि त्यांना कोणी शिवीही म्हणत नाही.

जरा हिशेब मांडून पाहा. बायको गेली तर पुरुष विधुर होतो. ‘अरे विधुरा’ म्हणून कोणी कोणाच्या अंगावर धावून गेल्याचं ऐकलंय? पण नवरा गेलेल्या बाईसाठी भाषेत जो जुना शब्द आहे, तो शब्दच शिवी होऊन बसला आहे. मूल झालं नाही तर बाई ‘वांझ’. दोष नवऱ्यात आहे असं डॉक्टरने कागदावर लिहून दिलं, तरी गावाच्या तोंडी वांझ तीच. सून घरात आली आणि महिन्याभरात म्हातारा दगावला, तर सून ‘पांढऱ्या पायाची’. जावयाचे पाय आजवर कोणी पाहिलेले नाहीत. देवीसुद्धा यातून सुटली नाही. जन्मलेल्या बाळाचं नशीब लिहिते म्हणून सटवाईची पूजा करायची, आणि बाई उलटून बोलली की तिलाच ‘सटवी’ म्हणायचं.

पुरुषाला खाली पाडायचं तर काय म्हणतात? ‘बायल्या’, ‘बांगड्या भर’. म्हणजे पुरुषाचा मोठ्यात मोठा अपमान कोणता, तर त्याला बाई म्हणणं. मोर्च्यात पुढे बायका, घोषणा द्यायला बायका, आणि काम न करणाऱ्या साहेबाला लाज वाटावी म्हणून आहेर कशाचा? बांगड्यांचा! ज्या मनगटांनी मोर्चा उचलून धरला, त्याच मनगटांवरची वस्तू नामर्दपणाची खूण ठरते. हे कोणाला खटकतही नाही.

आता आपल्या भागातल्या शब्दाकडे येऊ. तो शब्द म्हणजे ‘भुताळी’.

पाड्यावर कोणी आजारी पडलं, म्हैस आटली, तान्हं मूल गेलं, की भगताकडे जायची रीत आहे. भगत पुरुष. तो भुताखेतांशी बोलतो, दाणे पाहतो, कोंबडं मागतो. त्याला मान मिळतो. पण त्याच भुताखेतांशी एखाद्या बाईचा संबंध आहे असं म्हटलं, की ती भुताळी होते, आणि तिला मिळतो तो संशय, बहिष्कार आणि कधी मारहाण. विद्या एकच मानलेली. ती पुरुषाकडे असली तर गुण, बाईकडे असली तर गुन्हा. शिवाय हा शिक्का कोणावर बसतो तेही पाहा. बहुतेक वेळा ती एकटी असते. म्हातारी, नवरा नसलेली, आणि पुष्कळदा जिच्या नावावरच्या तुकड्यावर भाऊबंदांचा डोळा आहे अशी. इथे शब्द हवेत विरून जात नाही. तो बाईला घराबाहेर काढतो, शेतावरून उठवतो.

हे फक्त आदिवासींचं खूळ आहे, असं समजून शहरातल्या वाचकाने हसू नये. बाईला चेटकीण ठरवण्याविरुद्ध बिहारला १९९९ साली कायदा करावा लागला. आणि वारली समाजाची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. वारली लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे बाई. लग्नाचा विधी बाईच्या हाती देणारे समाज किती आहेत? म्हणजे बाईला मान देणारा शब्दही याच मातीत आहे.

कायदा काय म्हणतो? नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या खुनानंतर त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. एखादी व्यक्ती करणी करते, जनावराचं दूध मंत्राने आटवते, असं सांगून तिच्याविषयी संशय पसरवणं हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे, दंड ५ हजार ते ५० हजार रुपये. बाईच्या विनयशीलतेचा अपमान करण्याच्या हेतूने बोललेल्या शब्दाला भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण जिला रोज त्याच विहिरीवर जायचंय, ती ठाण्याची पायरी चढेलच असं नाही. म्हणून हे काम आधी गावाचं आहे.

आणि गावाला ते जमतं. कोसबाडला तर याचा दाखला घरातलाच आहे. अनुताई वाघ यांचं तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांत नवरा गेला. त्या काळी अशा मुलीला रीत काय म्हणून हाक मारायची, ते वर आलंच आहे. त्या शिकल्या, ताराबाई मोडकांबरोबर १९४५ साली बोर्डीत काम सुरू केलं, पुढे या टेकडीवर आल्या. इथल्या मुलांनी त्यांना काय म्हटलं? ताई. बाई तीच, नशीब तेच, फक्त हाक बदलली. तिच्याबरोबर गावाची नजरही बदलली.

तेव्हा करायचं काय? डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके पेसा क्षेत्रात आहेत. इथल्या ग्रामसभेच्या शब्दाला वजन आहे. नियमाप्रमाणे ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. ती बऱ्याच ठिकाणी सह्यांपुरती उरते. येत्या सभेत बायांनी हाच विषय मांडावा. सौंदाळ्याचा ठराव घ्या, पण त्यात आणखी एक ओळ घाला : कोणत्याही बाईला भुताळी, वांझ, पांढऱ्या पायाची म्हणणाऱ्याची गाव गय करणार नाही. भगतालाही त्या सभेला बोलवा आणि कबूल करून घ्या, की तो यापुढे कोणा बाईचं नाव घेणार नाही.

तलासरीजवळ झरीला २३ मे १९४५ रोजी जमलेल्या वारल्यांनी वेठ करणार नाही असं ठरवलं. तेव्हा त्यांच्यासमोर सावकार होते, जमीनदार होते. इथे समोर आपलीच जीभ आहे.