भोंगा वाजेल, शिकवणार कोण?

कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावने 2022 मध्ये संध्याकाळी सातचा भोंगा सुरू केला. दीड तास मोबाइल आणि टीव्ही बंद, पोरं अभ्यासाला. देशभर नाव झाले, ते योग्यच. आता आपल्या कवठे महांकाळमध्येही असा भोंगा हवा, असे म्हणणारे पालक भेटतात. खुशाल वाजवा. पण साडेआठ वाजले की फोन पुन्हा पोरांच्याच हातात असतो, त्याचे काय?

फोन आपल्याकडे चैन राहिलेली नाही. सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात परराज्यात गेलेला बाप पोरांना रात्री व्हिडिओ कॉलवरच भेटतो. द्राक्षाच्या छाटणीत आईबाप बागेत असतात आणि घरातला एकुलता एक फोन पोरांकडे. गेम त्याच्यावर, शाळेचा ग्रुप त्याच्यावर आणि बँकेचे खातेही त्याच्यावरच. एवढे सोपवताना आपण शिकवलेले काय, तर ‘पुन्हा हातात दिसला तर फोडून टाकीन.’

या धमकीचा खरा फायदा भामट्याला होतो. अनोळखी माणूस गोड बोलून मुलीचा फोटो मागवतो, मग ‘आणखी पाठव, नाहीतर घरी दाखवीन’ म्हणतो. पोरगी घरी तोंड उघडणार नाही, या एका भरवशावर त्याचा सगळा खेळ चालतो. म्हणून पहिला धडा आईबापांनाच हवा. ‘काहीही झाले तरी सांग, फोन काढून घेणार नाही,’ असा शब्द द्यायचा आणि पाळायचा. मुलांची अश्लील छायाचित्रे मागणे हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याने गुन्हा आहे. दोष पोरीचा नाही. घाबरून मेसेज पुसू नयेत, स्क्रीनशॉट ठेवून पोलिसांत जावे. मुलांसाठी 1098 हा मदत क्रमांक आहे. पैसे गेले तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब कळवावे, कारण रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधीच ती गोठवता येते.

‘जास्त सांगितले तर पोरं जास्त बिघडतील,’ असे काही जण म्हणतात. फोनचे लॉक कुणी उघडून दिले, हे त्यांनी आठवून पाहावे.

शाळांमधून सायबर सुरक्षेची व्याख्याने होतात. हारतुरे होतात, फोटो निघतो आणि गणवेशातल्या मुलांचा तो फोटो शाळेच्या नावासकट संध्याकाळी फेसबुकवर पडतो! व्याख्यानाचा उपयोग किती झाला, ते तिथेच कळते.

त्यापेक्षा दर शनिवारी अर्धा तास आईबाप आणि मूल फोन चालू ठेवून एकत्र बसू देत. सोशल मीडियाचे खाते खासगी कसे करायचे, अनोळखी माणसाला ब्लॉक कसे करायचे, हे पोरगं दाखवेल. पैसे घेताना यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही, एवढे आईने त्याला बजावावे. तालुक्यातल्या शाळा व्यवस्थापन समित्यांनी जूनच्या पहिल्याच पालक सभेत हा विषय घ्यावा आणि सभा आईबाप बागेतून परतल्यावर, संध्याकाळी ठेवावी, ही विनंती.

– एक पालक, कवठे महांकाळ