अठ्ठावीस खेळाडूंचा निर्णय

अमेरिकेतील आयोवा राज्यात, मक्याच्या शेतांनी वेढलेल्या ग्रिनेल नावाच्या लहानशा गावी त्याच नावाचे एक महाविद्यालय आहे. स्थापना १८४६ ची. विद्यार्थी सुमारे सतराशे. कीर्ती अध्ययनाची, खेळाची नव्हे. ऑक्टोबर २०१९ च्या आरंभी या महाविद्यालयाच्या फुटबॉल संघाने हंगामातील उरलेले सात सामने न खेळण्याचे ठरविले. तीन सामने झाले होते आणि तिन्ही संघाने गमावले होते. प्रारंभी ३९ असलेली खेळाडूंची संख्या दुखापतींमुळे २८ वर आली होती. निर्णय खेळाडूंनी स्वतः घेतला व महाविद्यालयाने तो मान्य केला.

अकरा जणांच्या खेळाला अठ्ठावीस खेळाडू काय कमी, अशी शंका आपल्याकडील वाचकास येणे स्वाभाविक आहे. परंतु हा फुटबॉल आपल्या परिचयाचा नव्हे. शिरस्त्राण आणि खांद्यांवर कवच चढवून खेळावयाच्या या खेळात चढाई करणारे अकरा वेगळे आणि ती थोपविणारे अकरा वेगळे असतात. लाथेने चेंडू मारण्याच्या प्रसंगी आणखी निराळी तुकडी मैदानात येते. मोठ्या विद्यापीठांचे संघ शंभराहून अधिक खेळाडूंचे असतात ते यामुळे. अठ्ठावीस जणांत दोन्ही अकरा उभे केले की उरतात सहा. एकाचा गुडघा दुखावला की त्याच्या जागी त्या कामाचा सराव नसलेला, कदाचित वजनाने तीस किलो हलका असा एखादा पहिल्या वर्षाचा मुलगा उभा करावा लागतो. थकलेला खेळाडू मान चुकीच्या कोनात ठेवून धडक देतो आणि पुढच्या आठवड्यात अठ्ठाविसाचे पंचवीस होतात. हे गणित त्या मुलांना कोणी शिकविण्याची गरज नव्हती; ते त्यांच्या अंगावर उमटत होते.

तरीही असा निर्णय सोपा नसतो. मिसिसिपी नदीच्या पश्चिमेस महाविद्यालयीन फुटबॉलचा पहिला सामना १८८९ साली याच गावी झाला असे मानले जाते, आणि त्यात याच महाविद्यालयाने आयोवा विद्यापीठाला २४-० असे हरविले होते. अशी परंपरा पाठीशी असताना माघार घेणे म्हणजे पूर्वजांच्या नावाला बट्टा लावणे, असे म्हणणारे भेटणारच. हरत असले तरी मैदान सोडू नये, हा संस्कार या खेळात तर धर्मासारखा शिकविला जातो.

परंतु ज्या राष्ट्राने हा खेळ घडविला, त्या राष्ट्रानेच तो अनेकदा थांबवून तपासला आहे. १९०५ साली मैदानावरील मृत्यूंची संख्या अठराच्या घरात गेली, तेव्हा अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुधारण्यास सांगितले. पुढच्याच वर्षी चेंडू पुढे फेकण्यास मुभा देणारा नियम आला. शिकागो विद्यापीठाचे प्रमुख रॉबर्ट हचिन्स यांनी १९३९ साली आपल्या नामवंत संघाचे विसर्जन केले. तो खेळ तेथे १९६९ साली परतला. (संघ गेला, मैदान ओस पडले आणि त्याच्या प्रेक्षकसज्जाखालील खोलीत २ डिसेंबर १९४२ रोजी जगातील पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया घडली. मैदानाचा इतका दूरगामी उपयोग क्वचितच कोणी केला असेल.)

आज तर इजेची जाण हाड मोडण्यापुरती उरलेली नाही. बोस्टन येथील संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, महाविद्यालयीन पातळीपर्यंत खेळलेल्या ५३ मृत खेळाडूंपैकी ४८ जणांच्या मेंदूत वारंवार बसलेल्या हादऱ्यांशी संबंधित विकाराची लक्षणे सापडली. हे मेंदू कुटुंबीयांनी, बहुधा शंका आल्यामुळेच, दान केलेले होते. म्हणून दहातल्या नऊ खेळाडूंना हा विकार होतो असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. पण वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला विचार करावयास लावण्याइतके हे आकडे खचितच गंभीर आहेत.

या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र वैद्यकीय नाही. ग्रिनेल ज्या तिसऱ्या श्रेणीत खेळते, तेथे खेळासाठी शिष्यवृत्ती देण्यास मनाई आहे. आपल्याकडे खेळाडू विद्यार्थ्यास निदान वाढीव गुणांची आशा असते. या मुलांना तीही नव्हती. ती हौसेने खेळत होती, म्हणूनच ती थांबू शकली. ज्याचे शुल्क, ज्याची खोली आणि ज्याचे भवितव्य प्रशिक्षकाच्या मर्जीवर अवलंबून आहे, अशा मोठ्या विद्यापीठातील खेळाडूला असा विचार बोलून दाखविणे कितपत शक्य झाले असते? तेथे तर शनिवारच्या सामन्यावर दूरचित्रवाणीचे करार आणि लाखभर आसनांची क्रीडागारे उभी आहेत. ग्रिनेलच्या संघाच्या अपयशात जे स्वातंत्र्य होते, ते अनेक विजेत्या संघांना लाभत नाही.

मात्र या निर्णयाचे कौतुक करताना महाविद्यालयाची जबाबदारी विसरता येणार नाही. ही संस्था निर्धन नाही. तिच्याच एका विद्यार्थ्याने, रॉबर्ट नॉइस याने, पुढे इंटेल कंपनीची सहस्थापना केली आणि त्या कंपनीत वेळीच गुंतविलेल्या पैशाने महाविद्यालयाचा निधी फुगला; तो अब्जावधी डॉलरांत मोजला जातो. एवढ्या संपन्न संस्थेने एकोणचाळीस मुलांवर दहा सामन्यांचा हंगाम सुरूच कसा होऊ दिला? संख्या अपुरी आहे हे ऑगस्टमध्येही मोजता येत होते. जे व्यवस्थापनाने आधी सांगावयाचे, ते मुलांना जखमा झाल्यावर सांगावे लागले. संघ ठेवावयाचा तर पुरेसे खेळाडू आणावेत, नाहीतर तो सन्मानाने बंद करावा. दोन्हींच्या मध्ये मुलांना उभे करणे हा मार्ग नव्हे.

शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांचे दुःख यात झाकले गेले. लहानपणापासून ज्यांनी हा खेळ खेळला, त्यांचा अखेरचा हंगाम तीन पराभवांवर संपला आणि आपला शेवटचा सामना कोणता हे त्यांना तो खेळताना ठाऊकही नव्हते. २०२० चा हंगाम करोनाच्या साथीत गेला. त्यानंतर ग्रिनेलचा संघ पुन्हा मैदानात उतरला, पण तोवर ती मुले पदवी घेऊन बाहेर पडली होती.