स्कूबा : आधी सराव, मग समुद्र



दिवाळीची सुट्टी लागली की मालवण, तारकर्ली, देवबागच्या किनाऱ्यावर स्कूबासाठी झुंबड उडते. ‘पोहता येत नसले तरी चालेल’ ही तिथली नेहमीची जाहिरात. ती खोटी नाही. प्रशिक्षकाने धरून नेले तर न पोहणाऱ्यालाही प्रवाळ पाहता येते. पण यात शिकण्यासारखे काही नाही, असा अर्थ पर्यटक त्यातून काढतात आणि तो घातक आहे.

पाण्यात घाबरलेला माणूस श्वास रोखतो आणि वर धाव घेतो. विहिरीत पोहताना यानेच जीव वाचतो. पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा घेताना मात्र हेच जिवावर बेतते. समुद्रात 10 मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे छातीभर घेतलेली हवा रोखून वर आले, तर ती फुगून दुप्पट होऊ पाहते. फुप्फुस फाटू शकते, हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत जाऊ शकतात. ‘आम्ही फार खोल नेत नाही’ हे उत्तर इथे पुरत नाही. सहा मीटरवरून येतानाही हवा दीडपटीहून अधिक फुगते.

म्हणजे उपजत सवय मोडायची आहे, आणि ती हलत्या बोटीवर दहा मिनिटे सूचना ऐकून मोडत नाही. श्वास सतत चालू ठेवणे, तोंडातून निसटलेला रेग्युलेटर शोधून पुन्हा लावणे, मास्कमध्ये शिरलेले पाणी नाकाने फुंकून काढणे, कान दुखू लागण्याआधीच दाब सोडवणे, हे सारे उथळ पाण्यात पुन्हा पुन्हा करूनच अंगवळणी पडते. म्हणून तर ‘ओपन वॉटर’ अभ्यासक्रमात तरणतलावातला सराव, पोहण्याची व तरंगण्याची चाचणी आणि समुद्रातले चार डाइव्ह झाल्यावरच 18 मीटरपर्यंतचे प्रमाणपत्र मिळते.

प्रशिक्षणात पाण्याबाहेरचे नियमही येतात. खोलवर नायट्रोजन शरीरात विरघळतो आणि तो बाहेर पडायला वेळ लागतो. एका डाइव्हनंतर किमान 12 तास, अनेक डाइव्ह केल्यास 18 तास विमानप्रवास टाळावा, असा संकेत आहे. उथळ पाण्यातल्या एका छोट्या फेरीनंतर धोका अल्पच; पण दिवसभर खोल डाइव्ह करून त्याच संध्याकाळी मोपाहून विमान पकडणे किंवा सुमारे 690 मीटर उंचीची आंबोली गाठणे शहाणपणाचे नाही.

नियम कडक केले तर स्थानिकांच्या पोटावर पाय येईल, असे म्हटले जाते. पण शास्त्रशुद्ध प्रशिक्षणाची सर्वाधिक गरज त्याच तरुणांना आहे. पर्यटक आयुष्यात एकदा उतरतो; त्याला नेणारा मुलगा हंगामात दिवसभर खाली-वर करत असतो. कानाचे पडदे आणि फुप्फुसे त्याचीही पणाला लागतात. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था तारकर्लीतच आहे. पावसाळ्यात समुद्र बंद असतो, तेव्हा या तरुणांसाठी तिथे सवलतीत वर्ग आणि तलावातला सराव ठेवावा. समुद्रातली परीक्षा हंगामाच्या आरंभी घ्यावी. प्रशिक्षित माणसाला अंदमान, लक्षद्वीपपर्यंत काम मिळू शकते.

मे 2022 मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटक बुडाले. अशा दुर्घटनेनंतर लाइफ जॅकेट आणि बोटीच्या परवान्याची चर्चा होते, ती योग्यच आहे. पाण्याखालच्या सुरक्षेसाठी मात्र प्रशासनाने दुर्घटनेची वाट पाहू नये. नवख्या पर्यटकामागे एक प्रमाणित प्रशिक्षक, आधी कंबरभर पाण्यात सराव, आणि दमा, हृदयविकार, कानाचे दुखणे, गर्भारपण यांची विचारणा करणारा मराठी अर्ज, एवढे तरी सक्तीचे करावे.

पर्यटकांनीही दराची घासाघीस करण्याआधी प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र मागावे. ते दाखवायला जो कांकूं करील, त्याच्या बोटीत पाय ठेवू नये.

– एक वाचक, सावंतवाडी