मृतांची गर्दी आणि जिवंतांचा निर्णय

टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. सूत्रधार कल्पित जगाचे वर्णन करतो, खेळाडू आपापल्या पात्राची कृती सांगतात आणि तिचे फलित फासे ठरवतात. अमेरिकेत १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने रूढ केलेल्या या खेळप्रकारात झोंबी, म्हणजे उठून चालणारे प्रेत, प्रारंभापासून आहे. झोंबींनी ग्रासलेल्या जगाची दीर्घ मोहीम रचणाऱ्या अनेक सूत्रधारांचा मात्र एक हट्टी समज असतो : मृतांची संख्या वाढवली की भय वाढते. हा समज मुळातच चुकीचा आहे.

दहांऐवजी शंभर प्रेते उभी केली, तर वाढते ती केवळ फाशांची मोजदाद. भय निर्णयातून जन्मते. पाणी तिघांपुरते आणि माणसे पाच. दाराबाहेर ओळखीच्या शेजाऱ्याची हाक आणि त्याच्या मनगटावर चाव्याची खूण. अशा क्षणी टेबलाभोवती पसरणारी शांतता कोणत्याही बीभत्स वर्णनाने साधत नाही. २०१७ सालच्या ‘रेड मार्केट्स’ या खेळाने हे मर्म ओळखले. त्यातील पात्रांना आश्रितांचे पोट भरावे लागते आणि प्रत्येक जोखमीचा जमाखर्च मांडावा लागतो. तेथे प्रेतांइतकाच वेढा दारिद्र्याचाही आहे.

यावर प्रतिवाद होतो की, ही करमणूक आहे. मेलेल्यांना मारण्यात कसला आला दोष? हा प्रतिवाद इतिहास विसरतो. झोंबीची कल्पना हैतीची. फ्रेंच वसाहतीत उसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या आफ्रिकी गुलामांचे भय तिच्यात साठले आहे : मरणानेही सुटका नाही, देह दुसऱ्यासाठी राबतच राहणार. हैती १८०४ साली स्वतंत्र झाला. १९१५ ते १९३४ या अमेरिकी ताब्याच्या काळात ही कल्पना अमेरिकेत फैलावली आणि १९३२ सालच्या ‘व्हाइट झोंबी’ या चित्रपटात साखरेच्या कारखान्यात राबणारी प्रेते दिसली. जॉर्ज रोमेरोच्या १९६८ सालच्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’मध्ये रात्रभर प्रेतांशी झुंजून वाचलेला कृष्णवर्णीय नायक पहाटे शोधपथकाच्या गोळीला बळी पडतो, त्यांना तोही प्रेतच वाटतो. समोरचा माणूस नाही, हा निवाडा एकदा सोपा झाला की तो कोणावर उलटेल याचा नेम नसतो.

म्हणून मोहीम रचणाऱ्याने प्रथम मृतांना नावे द्यावीत. पेट्रोलपंपावरचा वृद्ध, शाळेतील शिक्षिका, औषधविक्रेता यांची खेळाडूंशी पहिल्या बैठकीत जिवंतपणी ओळख व्हावी. चौथ्या बैठकीत त्यांपैकी एक जण कुंपणापाशी परत यावा. प्रेत कशाने उठते आणि कशाने पडते, हे नियम आधीच ठरवून ते शेवटपर्यंत पाळावेत. आश्रयस्थानाचे नियम मात्र खेळाडूंनाच करू द्यावेत आणि त्यांचे परिणामही त्यांनाच भोगू द्यावेत. कुंपणापाशी शिक्षिका उभी आहे. फासे हातात आहेत, पण ते टाकायला कोणी धजत नाही. मोहीम खऱ्या अर्थाने तेथे सुरू होते.