सलग ५४ वेळा फेल, तरीही टीममध्ये. १६ कोटी डॉलरच्या ख्रिस डेव्हिसला ओरिओल्स बाहेर का बसवत नव्हते?

१३ एप्रिल २०१९. बॉस्टनच्या फेनवे पार्कवर बाल्टिमोर ओरिओल्सच्या ख्रिस डेव्हिसने पहिल्याच इनिंगमध्ये एक साधा सिंगल मारला. त्यावर दोन रन आले. बेसबॉलमध्ये असे सिंगल रोज शेकड्याने बसतात. पण ओरिओल्सचे खेळाडू डगआउटमध्ये उड्या मारायला लागले आणि डेव्हिसने तो बॉल आठवण म्हणून मागून घेतला.

कारण एवढंच, की सप्टेंबर २०१८ नंतर त्याने मारलेला हा पहिला हिट होता. मधल्या काळात तो अधिकृत मोजणीनुसार ५४ वेळा बॅटिंगला आला आणि ५४ वेळा रिकाम्या हाताने परत गेला. पिचर सोडून इतर खेळाडूंमध्ये एवढी लांब अपयशाची साखळी मेजर लीग बेसबॉलच्या इतिहासात कोणाचीच नव्हती.

आणि हा खेळाडू ओरिओल्सच्या इतिहासातल्या सगळ्यात मोठ्या करारावर खेळत होता.

एवढा खराब खेळूनही एखादा खेळाडू टीममध्ये टिकतो कसा? मॅनेजरला दिसत नव्हतं का? की दिसत असूनही काही करता येत नव्हतं? समजून घेऊ.

आधी हा डेव्हिस कोण होता?

डेव्हिस कायम असा नव्हता. २०१३ च्या सीझनमध्ये त्याने ५३ होम रन मारले आणि १३८ रन बॅटिंगवर आणले. त्या वर्षी होम रनच्या यादीत अख्ख्या लीगमध्ये तो पहिला होता. २०१५ मध्ये पुन्हा ४७ होम रन, आणि पुन्हा पहिला नंबर.

याच जोरावर जानेवारी २०१६ मध्ये ओरिओल्सने त्याच्याशी ७ वर्षांचा करार केला. रक्कम १६ कोटी १० लाख डॉलर. तेव्हाच्या दराने ही रक्कम एक हजार कोटी रुपयांच्या वर जाते. त्यातले ४ कोटी २० लाख डॉलर नंतर, हप्त्याहप्त्याने द्यायचे ठरले. टीमचे मालक पीटर अँजेलोस यांनी या करारात स्वतः लक्ष घातल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या.

करार झाला तेव्हा डेव्हिस तिशीला आला होता. म्हणजे टीम त्याला ३६ व्या वर्षापर्यंतचे पैसे देणार होती. शिवाय धोक्याची घंटा आधीच वाजून गेली होती. २०१३ आणि २०१५ या दोन भारी सीझनच्या मधल्या २०१४ मध्ये त्याचं ॲव्हरेज ०.१९६ पर्यंत घसरलं होतं.

०.१९६ म्हणजे नेमकं किती वाईट?

क्रिकेटमध्ये ॲव्हरेज म्हणजे एकूण रन भागिले किती वेळा आउट झाला. बेसबॉलमध्ये गणित वेगळं आहे. बॅटर अधिकृत मोजणीत जितक्या वेळा बॅटिंगला आला, त्यातल्या किती वेळा त्याने हिट मारला, हे प्रमाण म्हणजे ॲव्हरेज. ०.३०० असेल तर खेळाडू उत्तम, म्हणजे दहा वेळा येऊन तीनदा हिट. दहातल्या सात वेळा फेल होणारा माणूस या खेळात स्टार असतो. त्यामुळे काही दिवस हिट न मिळणं ही अजिबात नवलाची गोष्ट नाही.

२०१८ मध्ये लीगमधल्या सगळ्या बॅटर्सचं मिळून ॲव्हरेज ०.२४८ होतं. डेव्हिसचं होतं ०.१६८. तो ४७० वेळा बॅटिंगला आला, ७९ हिट मारले आणि १९२ वेळा स्ट्राइकआउट झाला.

त्यातूनच त्याच्या नावावर एक नकोसा रेकॉर्ड लागला. आधुनिक काळात, पूर्ण सीझन खेळलेल्या बॅटर्समध्ये हे सगळ्यात कमी ॲव्हरेज ठरलं. आधीचा नीचांक ०.१७९ होता.

यातली गंमत बघा. अशा यादीत नाव येण्यासाठी १६२ मॅचच्या सीझनमध्ये किमान ५०२ वेळा प्लेटवर उभं राहावं लागतं. एवढं खराब खेळणाऱ्याला कोणतीही टीम सहसा तिथपर्यंत पोहोचूच देत नाही, त्याआधीच बाहेर बसवते. म्हणजे या रेकॉर्डला खराब बॅटिंग पुरेशी नाही. खराब बॅटिंग करूनही कोणीतरी रोज खेळवत राहावं लागतं. रेकॉर्ड डेव्हिसचा असला, तरी त्यात टीमच्या निर्णयाचाही तेवढाच वाटा आहे.

त्याला बसवलंच नाही का?

बसवलं, पण थोड्या दिवसांसाठी. जून २०१८ मध्ये तेव्हाचे मॅनेजर बक शोवॉल्टर यांनी त्याला आठवडाभर बाकावर ठेवलं. त्यानंतर तो परत लाइनअपमध्ये आला. २०१९ च्या सुरुवातीला घरच्या मैदानावरच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. नवे मॅनेजर ब्रँडन हाइड यांनीही त्याला अधूनमधून विश्रांती दिली. त्याच ऑगस्टमध्ये यांकीजविरुद्धच्या मॅचमध्ये डगआउटमध्येच डेव्हिस आणि हाइड यांच्यात खटका उडाला आणि सहकाऱ्यांना मध्ये पडावं लागलं. हे सगळं टीव्हीवर दिसलं. तरी २०१९ मध्ये डेव्हिस १०५ मॅच खेळला. ॲव्हरेज ०.१७९.

काढून टाकणं एवढं अवघड का होतं?

पहिलं कारण कराराचं. मेजर लीग बेसबॉलमधले असे मोठे करार पूर्ण हमीचे असतात. खेळाडू चांगला खेळो, वाईट खेळो, जखमी होवो किंवा टीमने त्याला काढून टाको, ठरलेले पैसे द्यावेच लागतात. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएलमध्ये बऱ्याच करारांत पूर्ण रकमेची हमी नसते, म्हणून तिथल्या टीम खेळाडूला मध्येच सोडून पैसे वाचवू शकतात. बेसबॉलमध्ये हा रस्ता बंद आहे.

दुसरं कारण, त्याला खालच्या लीगमध्येही पाठवता येत नव्हतं. मेजर लीगमध्ये पाच वर्षं पूर्ण केलेल्या खेळाडूला त्याच्या संमतीशिवाय मायनर लीगमध्ये धाडता येत नाही.

तिसरं, ट्रेड. म्हणजे दुसऱ्या टीमला देऊन टाकणं. पण ०.१६८ ने खेळणाऱ्या माणसासाठी वर्षाला २ कोटी ३० लाख डॉलरचा बोजा कोण उचलणार?

उरला एकच मार्ग. त्याला मोकळं करायचं आणि पैसे देत राहायचं. एप्रिल २०१९ मध्ये करारातली चार वर्षं, म्हणजे साधारण ९ कोटी २० लाख डॉलर शिल्लक होते.

पण मग खेळवून फायदा काय?

इथेच या प्रकरणाची खरी मेख आहे. डेव्हिसला खेळवलं तरी ते ९ कोटी २० लाख जाणार होते, घरी बसवलं तरी जाणार होते. म्हणजे पैशाचा प्रश्न खरं तर करारावर सही झाली त्या दिवशीच संपला होता. उरलेला प्रश्न फक्त खेळाचा होता. उद्याच्या मॅचमध्ये ही जागा डेव्हिसला दिली तर टीमला जास्त फायदा, की दुसऱ्या कोणाला?

२०१९ मध्ये मेजर लीगमधला किमान पगार ५ लाख ५५ हजार डॉलर होता. म्हणजे डेव्हिसच्या जागी एखादा तरुण खेळाडू आणला असता, तर टीमचा जास्तीचा खर्च फक्त एवढाच होता.

अर्थशास्त्रात याला बुडीत खर्च म्हणतात. जो पैसा कोणत्याही परिस्थितीत परत येणार नाही, त्याचा पुढच्या निर्णयाशी संबंध ठेवू नये, असं शास्त्र सांगतं. पण माणसाला ते जमत नाही. तिकीट काढलंय म्हणून आपण रटाळ सिनेमा शेवटपर्यंत बघतो. टीमचे मालक आणि अधिकारी काही वेगळे नसतात. एवढा महागडा खेळाडू बाकावर दिसला की करार चुकल्याची कबुली रोज जाहीरपणे द्यावी लागते. तो मैदानावर असेल, तर निदान ‘फॉर्म परत येईल’ असं म्हणता येतं.

हा नुसता अंदाज नाही. बॅरी स्टॉ आणि हा होआंग या दोन अभ्यासकांनी १९९५ मध्ये अमेरिकेतल्या एनबीए बास्केटबॉलवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. ड्राफ्टमध्ये वरच्या नंबरवर निवडलेल्या खेळाडूंना, मैदानावरची कामगिरी हिशोबात धरल्यानंतरही, जास्त वेळ खेळवलं जातं आणि टीम त्यांना जास्त काळ धरून ठेवतात, असं त्यांना दिसलं. खेळाडू आज कसा खेळतो यासोबतच, त्याच्यासाठी आधी काय मोजलं होतं हेही निर्णय ठरवत होतं.

डेव्हिसच्या आधी हिटविना सलग बॅटिंगचा रेकॉर्ड युजेनियो वेलेजच्या नावावर होता. ४६ वेळा. २०११ च्या त्या सीझननंतर वेलेज मेजर लीगमध्ये पुन्हा कधीच दिसला नाही. त्याच्यामागे डेव्हिससारखे ५३ होम रन नव्हते हे खरं. पण त्याच्या नावावर तसा करारही नव्हता.

टीमची काही बाजू होती का?

होती. २०१८ मध्ये ओरिओल्स १६२ पैकी ११५ मॅच हरले. मॅनी माचाडोसारखा स्टार त्यांनी त्याच वर्षी दुसऱ्या टीमला देऊन टाकला आणि सगळी टीम नव्याने बांधायला घेतली. २०१९ मध्ये ते १०८ मॅच हरले. जिंकण्याची आशाच नसेल, तर एका खराब बॅटरमुळे हातातलं काही जात नाही. चार-दोन महिने वाट बघून जुना डेव्हिस परत येतोय का, हे पाहणं अगदीच वेडेपणाचं नव्हतं.

पण किंमत कोणीतरी मोजतच होतं. डेव्हिस फर्स्ट बेसवर असल्यामुळे मूळचा फर्स्ट बेसमन ट्रे मॅन्सिनी याला बराच काळ आउटफिल्डमध्ये खेळावं लागलं. बेसबॉलमधल्या तरुण खेळाडूची कमाईची वर्षं मोजकी असतात आणि रोज खेळायला मिळालं तरच पुढचा करार होतो. वरची एक जागा अडली की खालची रांग थांबते.

डेव्हिसलाही हे सोपं नव्हतं. स्वतःहून निवृत्त झाला तर हक्काचे पैसे सोडावे लागणार, आणि खेळत राहिला तर रोज हजारो लोकांसमोर फेल होणार. सोशल मीडियावर त्याच्या प्रत्येक स्ट्राइकआउटचे डॉलर मोजले जात होते. त्याच काळात, नोव्हेंबर २०१९ मध्ये, त्याने आणि त्याच्या पत्नीने युनिव्हर्सिटी ऑफ मेरिलँडच्या मुलांच्या हॉस्पिटलला ३० लाख डॉलरची देणगी दिली.

काढणं किंवा खेळवणं, एवढे दोनच पर्याय असतात का?

अल्बर्ट पुहोल्सचं उदाहरण वेगळं सांगतं. लॉस एंजेलिस एंजल्सने त्याच्याशी १० वर्षांचा २४ कोटी डॉलरचा करार केला होता. शेवटच्या वर्षी, मे २०२१ मध्ये, ॲव्हरेज ०.१९८ असताना टीमने त्याला मोकळं केलं. त्या वर्षाचा ३ कोटी डॉलरचा पगार एंजल्सच्याच खिशातून गेला. डॉजर्सने त्याला किमान पगारात घेतलं आणि मुख्यतः डावखुऱ्या पिचरविरुद्ध वापरलं. तो पुन्हा चालायला लागला. २०२२ मध्ये जुन्या कार्डिनल्स टीमकडून त्याने २४ होम रन मारले आणि कारकिर्दीतला ७०० होम रनचा टप्पा ओलांडून ७०३ वर थांबला.

म्हणजे मोठ्या नावाला रोजच्या जागेवरून हलवणं म्हणजे त्याचा शेवट करणं नव्हे. कधीकधी छोटी भूमिकाच त्याला वाचवते.

आपल्याकडे आयपीएलमध्ये हा पेच तुलनेने लवकर सुटतो, कारण सीझन संपला की फ्रँचायझी खेळाडूला सोडू शकते. कोलकात्याने वेंकटेश अय्यरला २३ कोटी ७५ लाखांना घेतलं, २०२५ मध्ये ११ मॅचमध्ये त्याचे १४२ रन झाले आणि पुढच्या लिलावाआधी त्याला सोडलं. २०२४ मध्ये तर बंगळुरूच्या ग्लेन मॅक्सवेलने फॉर्म नसल्यामुळे स्वतःच आपल्याला बसवायला सांगितलं होतं. बेसबॉलच्या सात वर्षांच्या करारात अशी सुटका नसते.

शेवटी काय झालं?

२०२० च्या कोरोनाच्या छोट्या सीझनमध्ये डेव्हिस १६ मॅच खेळला, ॲव्हरेज ०.११५. २०२१ मध्ये कमरेच्या सांध्याची शस्त्रक्रिया झाली आणि ऑगस्टमध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. टीमसोबत उरलेल्या पैशांचं वेळापत्रक नव्याने ठरलं आणि त्याचे हप्ते २०३७ पर्यंत चालणार आहेत.

ओरिओल्सने २०२३ मध्ये १०१ मॅच जिंकल्या. तेव्हाही डेव्हिसचे पैसे चालूच होते, फक्त लाइनअपमधली त्याची जागा दुसरं कोणीतरी खेळत होतं. पैसे देणं आणि जागा देणं हे दोन वेगळे निर्णय आहेत, हे टीमने तेव्हा सिद्धच करून दाखवलं. २०१८ मध्येही ते तितकेच वेगळे होते.