लेकरू बालगृहात, माय वाऱ्यावर

‘पोसता येत नव्हतं तर जन्माला घातलं कशाला?’ हा प्रश्न आपल्या समाजात फार सहज विचारला जातो. तो गिरणी बंद करणाऱ्याला विचारला जात नाही. वस्तीच्या तोंडाशी दारूच्या दुकानाला परवाना देणाऱ्याला विचारला जात नाही. बायकोला पोरांसकट घराबाहेर काढणाऱ्या नवऱ्यालाही क्वचितच विचारला जातो. तो विचारला जातो फक्त आईला. ती आई झोपडपट्टीतली, धुणीभांडी करणारी, बांधकामावर विटा वाहणारी असेल तर आवाज अधिकच चढतो. आणि शेवटी तीच माय लेकराचा हात धरून बालगृहाच्या दारात उभी राहते, तेव्हा समाज निकाल देऊन मोकळा होतो : आई नालायक.

बालगृह म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे अनाथ मूल येते. वस्तुस्थिती वेगळी आहे. तिथल्या अनेक मुलांचे आई किंवा वडील जिवंत असतात. कुणाची आई क्षयाने अंथरुणाला खिळलेली, कुणाचा बाप तुरुंगात, कुणाची माय दिवसभर कामावर आणि घरी मूल सांभाळायला कुणी नाही. या मुलांना आई नाही असे नव्हे. त्यांच्या आईला आधार नाही. हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि उत्तर मात्र आपण एकच शोधून ठेवले आहे : मूल उचला आणि संस्थेत ठेवा.

कायदा असे म्हणत नाही. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाचे तिसरे कलम सांगते की मुलाच्या संगोपनाची पहिली जबाबदारी कुटुंबाची, आणि मुलाला संस्थेत ठेवणे हा सगळ्यात शेवटचा उपाय. याच कायद्याचे ३५ वे कलम आणखी बोलके आहे. शारीरिक, मानसिक वा सामाजिक कारणांमुळे, जी कारणे पालकाच्या हाताबाहेरची आहेत, मूल सोडून द्यावे लागणाऱ्या पालकासाठी ते कलम आहे. म्हणजे कारणे आईच्या हाताबाहेरची असतात, हे कायद्यालाच मान्य आहे! बाल कल्याण समितीपुढे मूल सोपवल्यावर आईला फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. पण या दोन महिन्यांत तिने खायचे काय, राहायचे कुठे, कर्ज फेडायचे कशातून? परिस्थिती तीच राहणार असेल, तर फेरविचार कसला करायचा? उपाशी माणसाला दिलेली मुदत ही सवलत नसते, ती नुसती औपचारिकता असते.

महाराष्ट्रात यावर उपाय म्हणून बालसंगोपन योजना आहे. एकल पालक, गंभीर आजारी पालक, तुरुंगातले पालक यांच्या मुलांना घरातच वाढवता यावे म्हणून सरकार दरमहा मदत देते. ती आधी ४२५ रुपये होती, कोरोनानंतर ११०० झाली, आणि २०२३ मध्ये क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव देऊन २२५० करण्यात आली. वाढ झाली, हे नाकारण्याचे कारण नाही. पण हिशेब करून पाहा. २२५० रुपये म्हणजे दिवसाला ७५ रुपये. त्यात दूध, वही, औषध, चप्पल, रिक्षाभाडे सगळे आले. आणि हे ७५ रुपये मिळवण्यासाठी मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, शाळेचे बोनाफाईड, आधार, बँक खाते आणि गृहचौकशी. रोजंदारीवरच्या बाईचा एक दिवस बुडाला की त्या दिवसाची चूल बुडते. एका कागदासाठी तिने किती खेटे घालावेत?

सरकारकडे यंत्रणा नाही, असे म्हणता येणार नाही. २०२४ मध्ये निवडणूक तोंडावर आली तेव्हा याच राज्याने काही महिन्यांत २ कोटींहून अधिक महिलांच्या खात्यात १५०० रुपये टाकून दाखवले. इच्छा असली की फाईल पळते. बालगृहाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मायसाठी ती का पळत नाही? कारण ही माय विखुरलेली आहे. तिची मतपेढी नाही.

आपल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक काटा आहे, तो जातीच्या दाखल्याचा. महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे पुरावे मागितले जातात, तेही वडिलांकडचे. बाप परागंदा झालेल्या मुलाने ते आणायचे कुठून? सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या रमेशभाई नायका प्रकरणात स्पष्ट केले की आंतरजातीय विवाहातले मूल आईच्या समाजात वाढले, त्या समाजाची वंचना त्याने भोगली, तर ते आईची जात सांगू शकते. पण न्यायालयाचा निर्णय आणि तहसीलची खिडकी यांत मोठे अंतर असते. बालगृहातून १८ व्या वर्षी बाहेर पडणाऱ्या मुलाला जात भोगावी लागते, तिच्या नावाने मिळणारी शिष्यवृत्ती मात्र मिळत नाही.

आता कुणी म्हणेल, मूल वाढवणे ही ज्याची त्याची जबाबदारी. समाजाचा काय संबंध? याचे उत्तर बाबासाहेबांनी १९२८ सालीच दिले आहे. मुंबई विधिमंडळात गिरणी कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाचे विधेयक आले, तेव्हा २८ जुलैच्या भाषणात त्यांनी मांडले की बाळंतपणाच्या काळात आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा मोठा भार सरकारने उचलला पाहिजे; आणि बाईच्या श्रमावर फायदा कमावणाऱ्या मालकानेही वाटा दिला पाहिजे. आईपण हा खासगी मामला नाही, हा त्याचा अर्थ. याच नागपुरात २० जुलै १९४२ रोजी सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिला परिषद भरली. हजारो बायाबापड्यांच्या त्या परिषदेने गिरणी आणि विडी कारखान्यातल्या स्त्रियांसाठी रजा, अपघाताची भरपाई आणि पेन्शन मागितली. त्या माउलींनी भीक मागितली नव्हती, हक्क मागितला होता.

त्या हक्काचे पुढे काय झाले? १८७७ साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिलने उत्तर नागपुरातली असंख्य घरे पोसली. ती कायमची बंद पडली, त्या जागेवर मॉल आणि इमले उभे राहिले. कामगारांच्या घरातले पगारपत्रक गेले, पेन्शन आली नाही. पुढच्या पिढीच्या वाट्याला ना रजा, ना विमा, अशी रोजंदारी आली. अशा घरात एक आजारपण आले की मूल शाळेतून सुटते, दुसरे आले की घरातून सुटते. यात आईचा गुन्हा कोणता?

बाबासाहेब लहान असतानाच भीमाई गेल्या. त्यांना सांभाळले आत्या मीराबाईंनी. केळुसकर गुरुजींनी त्यांच्या हाती बुद्धचरित्र दिले, सयाजीरावांकडे शब्द टाकला, सयाजीरावांनी शिष्यवृत्ती दिली. रामजीबाबांनी पोटाला चिमटा घेतला हे खरेच. पण ते एकटे पडले असते तर? जोतीराव-सावित्रीमाईंनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले, तेव्हा दाराशी आलेल्या विधवेला ‘पाप केलेस का’ असे विचारले नाही. तिला बाळंतपणासाठी जागा दिली. त्याच घरात जन्मलेला यशवंत पुढे डॉक्टर झाला. पोरे आणि नवरा गमावून वेडीपिशी झालेल्या पटाचारेला लोकांनी हाकलले. तथागतांनी जवळ बोलावले. आपला वारसा हा आहे.

आपल्या विदर्भाच्या लेकीला, सिंधुताई सपकाळांना, २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. अनाथांची माय म्हणून आपण तिला डोक्यावर घेतले. पण दिवस भरलेल्या त्या बाईला गोठ्यात बाळंत व्हावे लागले, त्या समाजाला पुरस्काराच्या दिवशी कुणी जाब विचारला? एक माय हजारोंना सांभाळते याचे कौतुक करणे सोपे असते. हजारो माया आपापल्या लेकरांना सांभाळू शकतील अशी व्यवस्था उभी करणे अवघड असते, आणि म्हणून आपण कौतुकावर भागवतो.

काही घरांत मुलांना मारहाण होते, अत्याचार होतो, त्यांना विकलेही जाते. तिथे मूल बाहेर काढलेच पाहिजे आणि बालगृहे चांगली चाललीच पाहिजेत. पण क्रौर्य वेगळे आणि दारिद्र्य वेगळे. दारिद्र्याला हयगय म्हणणे ही सत्तेची सोय आहे.

तेव्हा मागणी सरकारकडे आहे आणि आपल्याकडेही. बालसंगोपनाची रक्कम महागाईशी जोडा आणि दरमहा ठरल्या तारखेला द्या. मूल सोपवायला आलेल्या आईला त्या दोन महिन्यांत निवारा आणि निर्वाह द्या. बालगृहातल्या प्रत्येक मुलाचा जातीचा दाखला ही त्या आईची नव्हे, प्रशासनाची जबाबदारी करा. आणि आपण? नागपुरात वस्तीवस्तीत विहार आहेत. दर पौर्णिमेला वंदना होते, जयंतीला वर्गणी निघते. त्याच विहारात आठवड्यातून एक संध्याकाळ आपल्यातल्या एका शिकलेल्या पोराने बसून विधवा, परित्यक्ता आणि आजारी आईबापांचे अर्ज भरून दिले, तर किती लेकरे घरात राहतील? कामावर गेलेल्या मायच्या पोरांना दुपारी विहारात बसायला जागा दिली, तर कोणता धम्म बुडणार आहे?

दीक्षाभूमीवर आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या. प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा त्यात आहे. तिची सुरुवात शेजारच्या झोपडीतल्या मायपासून व्हायला हवी.