तिखट किती?

परवा आमच्या विंगमध्ये एक ‘डार्क रोमान्स’ कादंबरी हातोहात फिरली. प्रत्येकाचा पहिला प्रश्न, “तिखट किती?” जणू सावजीचा रस्साच! तिखटाची भीती आपल्याकडे जुनी. ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकातली चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ अश्लील ठरवून हायकोर्टाने त्यांना २५ रुपये दंड केला. १९६९ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना सोडलं.

पण डार्क म्हणजे तिखट नव्हे राजेहो! साधं चुंबनही नसेल, तरी नायक नायिकेचा पाठलाग करतो, तिला कोंडून ठेवतो, ते डार्क. म्हणून बरेच लेखक सुरुवातीलाच तसा इशारा छापतात. तो आम्ही कुणीच वाचला नाही. बंदी नकोच, मीही वाचणार. पण गेल्या सेमिस्टरला आमच्यातला एकजण लेडीज होस्टेलच्या गेटसमोर तीन दिवस उभा होता. आम्ही त्याला ‘हीरो’ म्हणायचो. ती मात्र मागच्या दाराने कॉलेजला जायची.